दुसरी खुर्ची

अकराच्या बोटीनं ती माणसं येतात,
अंगात राखाडी तागाचे सदरे, पाठीवर एकच पिशवी,
आणि कुणी न सांगता दारात बूट काढतात.
एवढं मात्र मला आवडतं त्यांचं.

मी हेल्वे. एकवीस वर्षं झाली,
या घराच्या किल्ल्या माझ्या कनवटीला.
तिकिटं फाडते, थंड चूल पुसते,
विचारलं तर सांगते: हो, हाच तो याकुप लेपासार,
याच खोलीत लिहायचा, हाच त्याचा चमचा.

चमचा एक. ताटली एक.
खुर्ची एक, समुद्राकडे तोंड केलेली.
तिचा फोटो काढताना मुली श्वास रोखतात.
"मला एक खुर्ची पुरते", हे त्याचं वाक्य
आता पिशव्यांवर छापतात, चहाच्या मगांवर,
आणि तालिनच्या एका दुकानात
थेट अशीच खुर्ची मिळते म्हणे
माझ्या तीन पगारांना.

मी बोलत नाही. पण वही मी वाचली आहे.
त्याचं अक्षर म्हणजे ओल्या वाळूत बगळा नाचून गेलेला;
दोनतीन हिवाळे सोबत काढले की लागतं.
त्या वाक्याच्या वर हिशेब आहे:
कपाट गेलं, पीठ दोन पोती.
घड्याळ गेलं, डॉक्टरला.
लीनाची शाल, शवपेटीच्या फळ्यांना.
लीनाची खुर्ची, कुणी घेईना. एक पाय आखूड.
आणि मग खाली, शाई बदलून,
ते वाक्य.

माझी आई साखरेच्या पुड्याचा कागदसुद्धा
हातानं सपाट करून गादीखाली ठेवायची.
तिच्या घरातही फार काही नव्हतं.
तिचा फोटो काढायला कुणी आलं नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा
ती आखूड पायाची खुर्ची इथंच होती, भिंतीशी.
मग काल्यू साहेब आले शहरातून,
डोळे बारीक करून खोली पाहिली, म्हणाले,
"जरा गर्दी वाटते."
खुर्ची माळ्यावर गेली. कॅलेंडर गेलं.
भिंतीतला खिळासुद्धा उपटला,
त्याचं भोक मी चुन्यानं बुजवलं.

सप्टेंबरात एक पोरगा आला, तार्मो नावाचा.
सगळं विकलंय म्हणाला, आता तेहेतीस वस्तू उरल्यात,
बोटांवर मोजून दाखवायला लागला.
मी म्हटलं, बाबा रे, शेवटची बोट सुटेल.
तरी रेंगाळला. मग पिशवीतून
बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला.
आईची बटणं. खुळखुळ वाजली.
"ही एक वस्तू धरायची का तीनशे?
इथं ठेवून घ्याल?"

काय सांगणार त्याला?
माझ्या घरी लोणच्याच्या त्रेचाळीस बरण्या आहेत,
नवऱ्याचे गळ आहेत, जो परत आला नाही त्याचे,
आणि एक रेडिओ, जो नुसता खरखरतो.
मी त्याला माळ्यावर नेलं.
"ही बस," म्हटलं, "दुसरी."

तो बसला. खुर्ची कलली. तो घाबरून उठला,
मग हसला, पहिल्यांदाच,
डबा उघडून बराच वेळ बोटं फिरवली आत,
आणि एक जाड काळं बटण, कोटाचं असावं,
आखूड पायाखाली सरकवलं.
पुन्हा बसला. मी धुळीत उभी.
कुणी काही बोललं नाही.
खाली बोटीचा भोंगा वाजला तेव्हा
डबा छातीशी धरून तो पळत सुटला.

आता नोव्हेंबर. घर एप्रिलपर्यंत बंद.
काल्यू साहेबांना ठाऊक नाही,
पण पहिला बर्फ धरला की मी खुर्ची खाली आणते,
खिडकीशी पहिलीच्या शेजारी मांडते,
आणि काळा पाव खात बसते तिच्यावर,
पहिलीवर नाही, ती तिकिटातली आहे.
बटण पायाखाली आहेच.

तरी डुगडुगते जराशी.
अजून एक लागेल.