जाडी

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
एकतीस वर्षं मी रबरी होज फोडले.
कामच होतं ते:
नळी बाकाला जखडायची, पत्र्याचं दार ओढायचं,
पंप चालू, आणि काट्यावर डोळा.
दीडशे. दोनशे. दोनशे ऐंशी.
फट्.
वहीत आकडा, तिरकी सही. मग चहा.

आत गुळगुळीत अस्तर, मध्ये सुताची वीण,
वर काळी साल.
किसन नगरच्या दवाखान्यात मडिवाळ मॅडमनी
माझ्या मानेतली धमनी पडद्यावर दाखवली
तर तिलाही तीनच थर.
मी म्हटलं, हे तर आमचंच प्रॉडक्ट.
त्या हसल्या नाहीत.
दोन करड्या रेघांमध्ये पेनाचं टोक ठेवून म्हणाल्या,
एवढं नसावं, तांडेलकाका.

दाब वर्षानुवर्षं चढा राहिला
तर भिंत लगेच फुटत नाही. ती कामाला लागते.
मधला स्नायू दंड भरतो,
थर जाड होतो, आतली वाट अरुंद.
लवचीक तंतू तुटतात,
जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखे,
आणि त्यांच्या जागी राठ धागे भरतात, न ताणणारे.
मग ठोका ताठ भिंतीवर आपटतो
आणि दाब आणखी चढतो.

तिला हे करायला सांगितलं कोणी?
मी विचारलं.
मॅडम म्हणाल्या, दाबानंच.

रबर बरं.
झेपलं नाही की सांगतं,
अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं.
हिनं मात्र निमूट ओव्हरटाइम केला.
मी सुकट खात होतो,
लोणच्याचा खार पोळीनं पुसून घेत होतो,
डोकं कुठे दुखतंय म्हणून गोळ्या
टीव्हीखालच्या खणात टाकत होतो,
तेव्हा ही आत थरावर थर चढवत होती,
मला सांभाळायला,
आणि सांभाळता सांभाळता
माझीच वाट बुजवत होती.

गोळ्या नेमानं घेतल्या तर थोडी जाडी उतरते, म्हणाल्या.
सगळी नाही.

कुंदा कोपऱ्यात बसली होती, मांडीवर माझी फाइल.
तुमचंही बघूया, मॅडम सहज म्हणाल्या.
मला काय धाड भरलीय,
ती बांगड्या मागे सारत म्हणाली.

पट्टा फुगला.
काटा दोनशेवर गेला आणि सावकाश उतरू लागला.
सवयीनं माझा डोळा तिथेच.
एकशे अठ्ठ्याहत्तरला तो पहिल्यांदा थरथरला.

एकतीस वर्षांत एकही लॉट
तपासल्याशिवाय गेटबाहेर गेला नाही,
असं मी सेंड-ऑफच्या भाषणात म्हटलं होतं.
पहिल्या रांगेत बसून
ही टाळ्या वाजवत होती.