व्यवसायाचा रकाना

रजिस्टर माझ्याकडं फिरवून देताना
पोरानं पेनाला टोपण लावलं.
असं आमच्याकडं कोणी करत नाही.
सी फॉर्म झाला होता, पासपोर्टची झेरॉक्स झाली होती,
सोबत इसम: निरंक.
आणि व्यवसायाच्या रकान्यात, ठळक:
बॅकपॅकर.

सातारा स्टँडसमोरचा लॉज, रात्रपाळी माझी, बारा वर्षं.
विमा एजंट पाहिले, पोकलेन ऑपरेटर,
भरतीला आलेली पोरं, एका कॉटवर तीन,
कोर्टाच्या तारखेला आलेली भावकी,
समोरासमोरच्या खोल्यांत, एकमेकांना
पाणीसुद्धा न विचारणारी.
हा धंदा पहिल्यांदाच ऐकला.

म्हणजे काय, विचारलं
तर वळून पाठच दाखवली त्यानं.
सॅक, सॅकला लोंबणारी चप्पल, जर्मनची ताटली,
ओले मोजे.
घर है, म्हणाला. थोडं थांबून, सस्तावाला.

मालकांच्या पोरानं मोबाईलवर अर्थ काढला:
पाठीवर सामान घेऊन, कमी पैशांत,
मिळेल त्या गाडीनं, मिळेल तिथं मुक्काम करत
हिंडणारा.
खाली वाक्यात उपयोगही दिला होता.
तो वाचायची गरज पडली नाही,
पोरगं तीन दिवस करूनच दाखवत होतं.
गच्चीवरची कॉट मागून पन्नास रुपये पाडले.
एका मिसळीवर दोनदा रस्सा घेतला.
अजिंक्यताऱ्यावर चालत गेलं, चालत आलं,
बामणोलीला गेलं ते एसटीच्या शेवटच्या बाकावर,
कोंबड्यांच्या पाटीशेजारी.
मालक म्हणाले, गोड पोरगं आहे, चहा सांग त्याला.
चहा बिलात धरला नाही.

मला मात्र तो शब्द बोचायला लागला.
काउंटरच्या मागं एक पाटी आहे:
बोचकेवाल्यांना खोली मिळणार नाही.

माझा बाप घोंगड्या खांद्यावर टाकून
म्हसवडहून वाईच्या बाजाराला यायचा.
एकदा ह्याच स्टँडवर निजला, तर हवालदारानं
काठीनं ढोसून येण्याचं कारण विचारलं.
घोंगडी, म्हणाला बाप.
घोंगडी हे कारण नव्हतं.
पहाटेपर्यंत चौकीत उकिडवा बसला,
माल मांडीवर घेऊन.

गुरुवारी पोरगं कोल्हापूरकडं गेलं.
शुक्रवारी रात्री पावणेदोनला एक म्हातारा आला,
दहिवडीची गाडी चुकलेला.
गोणपाटात छिन्न्या, हातोडी, तांब्या.
जात्याला टाकी लावतो म्हणाला.
जाती आता कुठं ऱ्हायलीत,
पण हाटेलात इडलीचे रगडे असत्यात,
ते बी गुळगुळीत व्हत्यात की.
भिंतीला टेकून बसू द्या नुसतं, दिवस उगवस्तवर.

बोलताना पाटीकडं बघत होता.
वाचता येत होतं की नाही, कोण जाणे.

मी रजिस्टर उघडलं.
यल्लाप्पा हणमंता धोत्रे. वय अंदाजे सत्तर.
जाणार: मलवडी. सोबत इसम: निरंक.
पुढच्या रकान्यात पेन अडलं,
शाई आटली होती बहुतेक.
समासात गोल गोल गिरवून घेतलं
आणि लिहिलं, सुवाच्य.
भाडं पन्नास कमी करून. गच्चीवरची कॉट रिकामीच होती.

सकाळी उठलो तर छिन्नीचा आवाज.
बाहेरची पहिली पायरी, जिच्यावर
दर पावसाळ्यात कोणीतरी घसरतंच,
तिच्यावर आडव्या रेघा मारत बसला होता.
पैसे विचारले तर म्हणाला, च्या पाजा.

साडेनऊला मालक आले.
चष्मा चढवला, बोट रकान्यांवरून खाली नेत नेत
थांबले.
अरे, आणखी एक? सी फॉर्म भरलास का?
कुठल्या देशाचा?

माणदेशाचा, म्हटलं.

मालक हसले की नाही ते नीट दिसलं नाही,
फोन आला त्यांना.
पाटी अजून आहे.
पाटी मालकांची, अक्षर तेवढं माझं.