दहा डब्ल्यू तीस

एकोणीस वर्षं नववीला विष्यंदिता शिकवली.
काचेच्या दोन नळ्या,
एकीत पाणी, दुसरीत एरंडेल,
वरून एकेक छर्रा सोडायचा
आणि सगळ्या वर्गानं मोठ्यानं मोजायचं.
पाण्यातला 'एक' म्हणेस्तोवर तळाला.
एरंडेलातला असा सावकाश उतरायचा
की मागच्या बाकावरची जांभई
पुरी होऊन मिटायची.

आणि आज रविवारी
उदगीरच्या देगलूर रोडला
काउंटरवरच्या चार डब्यांपुढं
मलाच घाम फुटलाय.
दहा डब्ल्यू तीस.
वीस डब्ल्यू चाळीस.
वीस डब्ल्यू पन्नास.
चौथ्यावर आकडा सापडेना,
नुसताच एक धावता बिबट्या.

शेजारचे नागनाथअप्पा म्हणाले होते,
'ऊन बघा की आपल्याकडचं, जाडच घाला,
पातळ तेलाचं मे महिन्यात ताक होतंय.'
मेहुण्यानं फोनवर सांगितलं, सिंथेटिक.
गाडीचं पुस्तक काढलं माळ्यावरून,
तर उंदरानं नेमकं तेलाचंच पान खाल्लेलं.
हॉर्नचं पान शाबूत.

'सर, गाडी कोणती?'

मान वर केली.
सुमय्या. नववी ब, खिडकीकडचा बाक.
वडलांचं दुकान आता तीच बघते,
कानामागं पेन, बोटांना ग्रीस.
'शंभर सीसी,' मी म्हणालो, 'दोन हजार अकराची.
चालली असंल सत्तर हजार.'
आणि धाडस करून विचारलं,
'हा डब्ल्यू काय आहे गं?'

'हिवाळा, सर.'
बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं.
'पहिला आकडा सकाळचा. गार इंजिन असतंय ना,
पहिल्या किकला तेलाला आळस नको,
लगेच वर पोचलं पाहिजे.
दुसरा आकडा तापल्यावरचा.
तेव्हा फार पातळ व्हायला नको.
तुमची रोज शाळेत जाऊन घरी, दहा-तीस बास.
धूर मारायली का? नाही ना?
मग जाड कशाला?'
डबा उलटा करून बारीक अक्षर दाखवलं,
'हे बघून घ्यायचं. एमए.
कारचं तेल स्वस्त दिसतंय म्हणून घालतेत लोक,
मग क्लच घसरतो, मग येतेत माझ्याकडं.'

आळस.
मला ती उत्तरपत्रिका आठवली.
'विष्यंदिता म्हणजे काय?'
'विष्यंदिता म्हणजे तेलाचा आळस.'
एवढंच.
मी लाल पेनानं शून्य दिला होता
आणि बाजूला, ठसठशीत: व्याख्या लिहा.

तिला आठवत असेल का, विचारलं नाही.
तिनं तांब्याचं वायसर पुडीत बांधलं.
'जुनं परत बसवू नका, गळतंय.
आणि गाडी जरा गरम करून मग खोला.'

घरी, लिंबाखाली,
दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं,
खाली घमेलं सरकवलं,
सतरा नंबरचा पाना, बोल्ट,
बोट भाजलं.
तेल आधी धबधब आलं,
मग दोरीसारखं,
मग दोरी बारीक, बारीक,
मग थेंब.
काळं. दोन बोटांत चोळलं
तर गाळासारखं काहीतरी कचकचलं.
शोरूमवाल्यांनी शेवटचं कधी बदललं होतं,
देव जाणे. बिल मात्र दर वेळी झालं.

'काय मोजायलाव?' आतून विचारणा झाली.
तेव्हा कळलं, मी मोजत होतो.
मोठ्यानं.
अख्ख्या वर्गाच्या आवाजात.

नवं तेल ओतलं, मधासारखं,
नाही, मध चुकीचं उदाहरण, त्याहून कितीतरी चपळ.
नऊशे मिली आत गेलं.
काडी पुसून दोनदा पाहिलं.
किक मारली.
आवाज तोच होता, की थोडा मऊ,
मला सांगता येणार नाही, मी विज्ञान शिकवतो.

शंभर मिली उरलंय डब्यात.
उद्या प्रयोगशाळेत नेईन,
सोबत औषधाच्या बाटलीत भरलेलं काळंही.
ठेवीन एरंडेलाशेजारी.
उत्तरपत्रिका कधीच रद्दीत गेली.
तीन द्यावेत पाचपैकी. चार.
अजून ठरत नाही.

हात निरम्यानं तीनदा धुतले.
नखांतलं काळं निघालं नाही.
उद्या खडू धरला की
पहिल्या बाकाला दिसेल.