तिसरा गिअर

इसाराचे तीनशे युरो गेले मागच्या महिन्यात,
नसलेल्याच एका गाडीपायी.
म्हणून आज कुओपिओच्या बँकेत,
बुटांखाली बर्फाचं पाणी.

तौनोचंही तोंड दुधानं पोळलेलं:
खोटी पावती दाखवून
कुणीतरी त्याचा ट्रेलर नेलेला.

टेबलावर नोंदणीचे कागद.
एका कोपऱ्यावर त्याचा अंगठा,
दुसऱ्यावर माझी तर्जनी.
उचलत नाही कुणीच.

आकडा दोनदा वाचून मी पाठवते.
तो चष्मा पुसतो, फोनकडे बघतो,
पुन्हा पुसतो.

टिंग.

अंगठा उठतो.
किल्ली माझ्या तळव्यात, त्याच्या खिशाइतकी ऊबदार.
दारापाशी तो थबकतो,
टोपी कानांवर ओढत पुटपुटतो,
"थंडीत तिसरा गिअर जरा अडतो हं."

इथं थंडी मे महिन्यापर्यंत.