हरकती व सूचना

सर्पदंशाच्या पोस्टरशेजारी
एकाच टाचणीला लटकलाय मसुदा:
आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्याचा कायदा.
हरकती व सूचना लेखी द्याव्यात.
खाली चार रेघा आखून दिल्यात.

रात्रीचे अडीच. सोलापूरचा एप्रिल,
पंखा गरम हवाच ढवळतो.
आठ नंबरच्या आजोबांचं सलाईन
संपायला वीस मिनिटं आहेत.
तेवढ्यात लिहिते.

कलम पाच. समुपदेशन, कार्यालयीन वेळेत.
हरकत आहे.
मला रडू पहाटे चारला येतं,
लिननच्या खोलीत, धुऊन आलेल्या गठ्ठ्यांवर.
आणि ती समुपदेशनाची खोली
अधीक्षकांच्या केबिनला लागून नको.
मधली भिंत प्लायवुडची आहे.

कलम नऊ, रजा.
मागच्या वर्षी मी तीन दिवस घेतली होती.
कारण लिहिलं: जुलाब.
खरं कारण लिहायला रकानाच नव्हता.

आमचे अण्णा साखर पेठेत माग चालवायचे.
आडवा धागा तुटला
की माग खटकन आपोआप थांबायचा.
अण्णा गाठ मारायचे, मग पुन्हा सुरू.
लोखंडाला तेवढी अक्कल दिली होती कुणीतरी.
हे कुठल्या कलमात बसतं माहीत नाही.
तरी लिहून ठेवते.

आता कलम दोन. खरं तर आधी हेच लिहायचं होतं.
‘कर्मचारी’ म्हणजे डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ...
दोनदा वाचलं. इरण्णा नाही.
शवागारात एकोणीस वर्षं आहे तो,
ठेकेदाराच्या कागदावर ‘सफाई’.
साथीच्या त्या उन्हाळ्यात
प्रत्येक गाठोड्याला हात लावून नाव विचारायचा,
कुणाला माहीत नसलं
तर स्वतःच एखादं ठेवायचा.
परवा कँटीनमध्ये
ती ठेवलेली नावं त्यानं म्हणून दाखवली,
एकही न चुकता.
माझ्या चहावर साय धरली.

रेघा संपल्या. कागद उलटला.
तेवढ्यात रिकामं स्ट्रेचर ढकलत तोच आला.
‘काय लिवालाव सिस्टर, एवढ्या रात्री?’
तुझं नाव, म्हटलं, कायद्यात घाला म्हणून.
तो हसला नाही.
चष्मा नव्हता, तरी वाकून बघितलं.
‘दोन ण हाईत त्यात.
पगारपत्रकावर एकच लिवत्यात.’

दुसरा ण जोडला.
आजोबांची बाटली संपत आली होती.