टाळी

रिया लागार्तोसच्या खाजणात
एलेउतेरिओनं मोटर बंद केली,
बरंच अलीकडे.
पुढं नुसती काठी,
चिखलात रुतणारी, सुटणारी.

"उडतील का?" मी कॅमेरा वर धरून.
"उडवता येतात. एक टाळी पुरते.
पण पहाटेपासून माना उलट्या घालून
थेंबाथेंबातून गाळलेलं
त्या एका टाळीत संपतं त्यांचं."

तीनशे तरी फ्लेमिंगो.
पाणी कोळंबीच्या सालीसारखं
आणि मधेच एक राखाडी पिल्लू,
अजून रंग न चढलेलं,
एका पायावर डुगडुगत.

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.

परतताना त्यानं पाण्यातून चप्पल उचलली,
प्लास्टिकची, डावी.
बोटीच्या तळाशी आणखी चार होत्या,
सगळ्या डाव्याच.

फोटो एकही नाही.
मनगटावर मिठाची रेघ होती,
ती रात्री चाटून पाहिली.