साठ-चाळीस

शोरूमचा पोरगा म्हणाला, "भियाजी, पहाड चढेल ही."
म्हटलं, पहाड नाही चढायचा.
लोकमान्य नगर ते गीता भवन चौराहा,
सोम, बुध, शुक्र.
आधी आत्याला बसवून बघू.

शरयूआत्या काठी टेकत आली,
दाराकडे पाठ केली, टेकली,
मग दोन्ही पाय एकेक करून आत घेतले
भाजीच्या पिशव्या घ्याव्यात तसे.
वाकली नाही. चढली नाही.
जुन्या गाडीतून तिला
पोहऱ्यासारखी वर ओढावी लागे.
"पाटाहून उंच, पलंगाहून ठेंगणी," म्हणाली. "घे."
आणि जिन्यापर्यंत पोचल्यावर, वळून:
"धड जीप नाही, धड मोटार नाही.
तुझ्यासारखीच. धड इंदुरी नाही, धड पुणेरी नाही."

माझा धंदा काचेचा.
बीकर, ब्युरेट, परीक्षानळ्यांची खोकी,
देवास, महू, राऊच्या शाळांना.
मागची सीट साठ-चाळीस दुमडते:
साठात खोकी,
चाळिसात आत्या, तिची उशी, पाण्याची मोजकी बाटली.
पुढे बसत नाही ती. पुढे उन्हाची तिरीप येते म्हणते.

एकतीस वर्षं रसायन शिकवलेली बाई.
खड्डा आला की मान तिरकी करून ऐकते.
"हा शंभरचा. हा अडीचशेचा.
आज कोणी वाजलं नाही रे, रस्ता केला वाटतं."
कंपनीच्या कागदावर सस्पेन्शनचं काहीबाही लिहिलंय.
मी आत्यावर विसंबतो.

चार तास तिचं रक्त बाहेर फिरून येतं.
मग ती येते, करड्या रंगाची,
हाताला पांढरी पट्टी,
आणि पलासियापर्यंत झोपलेली असते.

काल घराची गल्ली आली.
समोर दूधवाला, कट्ट्यावर मुंगीकाका,
गाडी लावायला चक्क जागासुद्धा.
मी ब्रेकवर पाय ठेवला,
आणि काढला.

रिंग रोडला लागलो.
देवासच्या मुख्याध्यापकांचा फोन दोनदा वाजून थांबला.
एसीचा झोत तिच्या पायांवरून वळवला.
आरशात तिचं तोंड थोडं उघडं,
पट्टा गळ्याशी न रुतता खांद्यावर नीट.
एक फेरी. मग आणखी अर्धी.

खजराण्याच्या अलीकडे
रंग उडालेला एक स्पीडब्रेकर दिसलाच नाही.
डोळे न उघडता ती म्हणाली,
"पाचशेचा. गेला."

रात्री खोकं उघडलं.
अडीचशेचा होता.
तिला सांगितलं नाही.